कानाडोळा

गेल्या वर्षी दिवाळी सरली, उसाच्या गाड्या सुरू झाल्या, त्या दिवसांत पलसाणा चौकडीवर आम्ही एक कुत्रा पाहिला. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि धुळ्याकडून बारडोलीवरून येणारा रस्ता जिथे भेटतात तिथली वाहतूक आपल्या वाचकांस ठाऊक आहे. साखर कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, कापडाच्या गाठींनी भरलेले ट्रक, मध्येच घुसणाऱ्या रिक्षा. या सगळ्याच्या मधोमध तो तपकिरी कुत्रा उभा होता. मागून येणाऱ्या ट्रकने कानठळ्या बसतील असा हॉर्न दिला, तरी त्याने कान टवकारले नाहीत. ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला. त्याचा वारा लागला तेव्हा कुठे कुत्र्याने मान वळवली, आणि तीही नेमकी उलट्या बाजूला. गळ्याभोवती पट्ट्याने केस झिजून पडलेला वळ होता. पट्टा मात्र काढून घेतलेला होता.

चहाच्या टपरीवरून आणलेली बिस्किटे नाकाशी धरून आम्ही त्याला रस्त्याच्या कडेला आणले. पुढे चारपाच दिवसांत तो कोणाचा ते कळले. घर आपल्यापैकीच. बारा वर्षे त्यांच्या ओसरीवर वाढलेला कुत्रा. वाडा बांधकामवाल्याला दिलेला, मंडळी सुरतेस सातव्या मजल्यावर राहावयास गेलेली. आम्ही विचारले तेव्हा त्या सद्‌गृहस्थांनी आवाज न चढवता सांगितले, “अहो, त्याला ऐकू येत नाही, एका डोळ्याने दिसत नाही. तिथे त्याचे हालच झाले असते. एका ठिकाणी ठेवायला नेला तर जागा नाही म्हणाले. मग म्हटले, इथे चौकडीवर हॉटेले आहेत, खायला तरी मिळेल.”

हा लेख त्या घराविरुद्ध आहे. मात्र त्या एकाच घराविरुद्ध नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून असे कुत्रे कसे नाहीसे झाले, याचा ज्याने त्याने आपल्यापुरता हिशेब मांडावा. कोणी शेतावर ‘सोडला’, कोणी गड्याला ‘दिला’, कोणी डॉक्टरांकडून ‘शांत केला’. क्रियापदे सगळी सौम्य आहेत. मराठीत या सौम्यपणाला फार नेमका शब्द आहे: कानाडोळा. ज्याचे कान आणि डोळे गेले त्याच्याकडेच आपण कानाडोळा करावा, हा योगायोग आम्हांस काही केल्या विनोदी वाटत नाही.

आपण कोण, हे थोडे आठवून पाहू. पलसाणा हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला तालुका. कोणाचे पूर्वज गायकवाडीत कारकुनीस आले, कोणाचे महसुलात, कोणाचे शिलेदारीत. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळे झाले, तरी आपण इथेच राहिलो आणि देव्हारेही इथेच राहिले. त्या देव्हाऱ्यांत दत्ताची तसबीर आहे आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत. खंडोबा ज्यांचे कुलदैवत त्यांच्या टाकावरही घोड्याबरोबर कुत्रा आहे. श्राद्धाच्या पंचबलींत श्वानबली निघतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीस थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे; शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचविला असे सांगतात. आणि धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार दिला, ही कथा तर आपल्या प्रत्येक व्याख्यानमालेत एकदा तरी येतेच. एवढा सगळा कुत्र्यांचा गोतावळा भिंतीवर, टाकावर आणि व्यासपीठावर सांभाळणाऱ्या आपल्या घरांत ओसरीवरचा एक बहिरा कुत्रा जड होतो.

आपल्या शेजारचे पारशी या बाबतीत आपल्याहून स्पष्ट आहेत. नवसारी हे त्यांचे जुने धर्मपीठ, इथून तासाभराच्या आतले. त्यांच्या वेंदिदाद ग्रंथाचे तेरावे प्रकरण कुत्र्यांविषयी आहे. ज्या कुत्र्याची शुद्ध आणि गंध हरपला आहे त्याचे काय करावे, असा प्रश्न त्यात विचारला आहे. उत्तराचा आशय असा, की धर्मबांधवावर करावेत तसेच त्याच्यावर उपचार करावेत. ते साधले नाही तर त्याला बांधून जपावे, कारण तो खड्ड्यात, विहिरीत किंवा नदीत पडून इजा पावला तर दोष घरच्यांना लागेल. इंद्रिय गमावलेल्या जनावराची जबाबदारी कोणावर, याचा इतका रोखठोक निवाडा आम्हांस अन्यत्र आढळला नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत इंग्रज सरकारने चालविलेल्या कुत्र्यांच्या कत्तलीविरुद्ध दंगा झाला, तेव्हा पुढाकार पारशांचा होता. आम्ही दंग्याची शिफारस करीत नाही. शेजाऱ्याकडून थोडी शरम उसनी घ्यावी, एवढेच म्हणतो.

आता मूळ मुद्दा. “त्याचे हाल होतात” हे वाक्य आपण माणसाच्या डोळ्यांनी पाहून उच्चारतो. आपल्याला दृष्टी गेली तर वाचन जाते, माणसांचे चेहरे जातात, स्वयंपाक जातो, परावलंबन येते; म्हणून कुत्र्याचेही तसेच होत असेल असे आपण गृहीत धरतो. पण प्रत्येक कुत्रा जन्मतो तो आंधळा आणि बहिराच. पिल्लाचे डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. तोवर ते नाकाने आणि अंगाच्या उबेने आई शोधते. मोठेपणीही त्याच्या जगाचा पाया नाकच राहते: माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. डोळे गेले तर त्याचे नुकसान होते, नाही कोण म्हणतो? पण ते नुकसान त्याच्या जगाच्या कडेचे असते, मध्यावरचे नव्हे. त्याला भविष्याची चिंता नाही, लोक काय म्हणतील ही लाजही नाही. त्याला हवे असते ते तेच घर, तोच वास आणि तीच माणसे. म्हणजे ‘हाल होतील’ म्हणून आपण त्याच्याकडून नेमके तेच काढून घेतो, ज्याच्या बळावर त्याचे हाल टळले असते.

यात वयाचा भेद महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक वयात आपली सबब निराळी असते.

पिल्लाच्या बाबतीत सबब अशी, की “दोषी माल आहे.” पांढरेशुभ्र, निळ्या डोळ्यांचे पिल्लू मुलांना आवडते. आतल्या कानात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. पांढऱ्या रंगाच्या काही वाणांत त्या तिथपर्यंत पोहोचत नाहीत, आणि मग जन्मानंतर तीनचार आठवड्यांत ऐकण्याची यंत्रणा झडते. चित्रपटांमुळे घरोघर पोहोचलेल्या ठिपकेवाल्या डाल्मेशियनांत अमेरिकेतील तपासण्यांनुसार सुमारे तीस टक्के कुत्रे एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले. तिथल्याच डाल्मेशियन क्लबाने दोन्ही कानांनी बहिरी पिल्ले मारून टाकावीत अशी शिफारस वर्षानुवर्षे केली होती. राखाडी ठिपक्यांच्या ‘मर्ल’ रंगाच्या कुत्र्यांत तसलेच नर-मादी एकमेकांना दिले, तर सरासरीने चारांतले एक पिल्लू दुहेरी दोष घेऊन येते आणि अनेकदा आंधळे व बहिरे निघते. पैदास करणाऱ्याला हे ठाऊक असते. रंगाला भाव येतो, म्हणून तो जोडी लावतो. उरलेल्या पिल्लाचे काय झाले हे गिऱ्हाईक विचारीत नाही. तेव्हा पिल्लू घेण्यास जाणाऱ्यांनी त्याच्या पाठीमागे, वारा लागणार नाही इतक्या अंतरावर टाळी वाजवून पाहावी. ते बहिरे निघाले म्हणून नाकारा असे आम्ही म्हणत नाही. माहीत असून घ्या, आणि घेतल्यावर ठेवा. बहिरे पिल्लू हाताच्या खुणांनी बसणे, थांबणे, येणे सारे शिकते. कुत्री एकमेकांशी बोलतात तीच मुळी बव्हंशी अंगाच्या हालचालींनी. खुणांची भाषा त्यांना नवी नाही. संध्याकाळी अंगणात बॅटरीचा एक झोत ही त्याची हाक होते. तो कधी उघड्या रस्त्यावर साखळीविना जाता कामा नये, हे एक पथ्य मात्र जन्मभराचे.

ऐन वयातल्या कुत्र्याची सबब वेगळी, आणि तिच्याविषयी आम्हांस अधिकाराने लिहिता येते, कारण तो अपराध आमचा आहे.

आमच्याकडे मोत्या नावाचा कुत्रा होता. पाचव्या वर्षी, पावसाळ्यात, तो हाकेला येईनासा झाला. आम्ही म्हटले, शिरजोर झाला. त्याला दटावले, जेवण उशिरा दिले, आणि लिहिण्यास लाज वाटते, पण एकदा वेताच्या छडीने मारलेही. तीन आठवडे तो साखळीला होता. एके दिवशी घरातल्या मुलाच्या हातून पितळी परात मोत्याच्या मागेच फरशीवर पडली. सारे घर दचकले. मोत्याने डोळासुद्धा उघडला नाही. डॉक्टरांनी पाहिले तेव्हा दोन्ही कान मळाने आणि बुरशीने भरलेले. त्याआधी आम्ही काय केले होते? कान खाजवतो म्हणून लसणीचे कोमट तेल ओतले होते, आजीच्या पद्धतीने. पडदा फाटलेला असेल तर तेल आत जाते, काही औषधांचे थेंबही आत जाऊन उरलेले ऐकणे संपवतात. म्हणून कान तपासल्याशिवाय त्यात काहीही घालू नये, हे आम्हांस तेव्हा कळले. महिनाभराच्या उपचारांनी एक कान पूर्ण सुधारला, दुसरा अर्धा. त्या तीन आठवड्यांत त्याने आमच्याविषयी काय ग्रह करून घेतला असेल, याचा विचार आजही सुखाचा नाही.

एवढ्याने शहाणे व्हावे की नाही? दोन वर्षांनी त्याचा डावा डोळा लाल झाला. आम्ही चार दिवस गुलाबपाणी घातले. तो गोचीड-ताप निघाला. उसाच्या शेतांतून हिंडणाऱ्या आपल्या भागातल्या कुत्र्यांना गोचीड नवी नाही. तिच्यातून रक्तात शिरणारा हा रोग डोळ्याच्या आत सूज आणतो, रक्तस्राव करतो. पहिल्या दिवशी गेलो असतो तर डोळा कदाचित राहिला असता. पाचव्या दिवशी गेलो. तेव्हा ऐन वयातल्या कुत्र्याचे कान-डोळे जाऊ लागले, तर ते ‘दैव’ म्हणण्याआधी कारण शोधावे: मळ, बुरशी, गोचीड, मधुमेह. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना पुढे मोतीबिंदू होतो, आणि योग्य कुत्र्यात माणसासारखीच त्याची शस्त्रक्रिया करता येते. काचबिंदू मात्र तासांचा मामला आहे. डोळा ताठ, लाल, धुरकट दिसला आणि कुत्रा डोके कोपऱ्यात दाबू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. नवसारीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईस परळला १८८६ पासून आहे. लग्नाच्या खरेदीस आपण मुंबई गाठतोच.

उरला म्हातारा कुत्रा, आणि सर्वांत मोठी सबब त्याच्याच वाट्याला येते: “वय झाले.” सातआठ वर्षांच्या कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर झाक दिसली की घरात कुजबुज सुरू होते, “आंधळा झाला वाटते.” पुष्कळदा ती भिंगाची नुसती वयोमानाची झाक असते, तिच्यातून त्याला बरेच दिसते; दुधाळ पांढरा मोतीबिंदू निराळा. फरक डॉक्टर सांगतील. कानांचेही तसेच. म्हातारा कुत्रा शिट्टीला फिरत नाही, म्हणून तो ठार बहिरा ठरत नाही. टाळी आणि जमिनीवरचा पायाचा दणका त्याला पुष्कळ दिवस कळतो.

मोत्याची शेवटची दोन वर्षे पूर्ण अंधारात गेली, कारण उरलेल्या डोळ्यातही मोतीबिंदू आला आणि तोवर त्याच्या हृदयाला भूल झेपणारी नव्हती. त्या दोन वर्षांत त्याने आम्हांस आमचे घर नव्याने दाखविले. ओसरीपासून परसदारापर्यंत तो मोजून जात असे. माजघराच्या उंबरठ्याशी आम्ही काथ्याचे पायपुसणे टाकले. पंजाला ते लागले की तो पाय उचले. पाण्याचे घमेले दोन वर्षांत वीतभरही हलले नाही. दोन गोष्टी मात्र चुकत चुकत कळल्या. एक, गुजरातेतल्या प्रत्येक घराप्रमाणे आमच्या ओसरीवर झोपाळा आहे. डोळस कुत्रा तो चुकवतो. मोत्याला कोणी उठल्यावर हलत राहिलेल्या रिकाम्या झोपाळ्याचा फटका दोनदा बसला. तेव्हापासून उठणाऱ्याने झोपाळा कडीला दोरीने अडकवायचा असा घरचा कायदा झाला, आणि पाहुण्यांनाही तो लागू होता. दुसरी गोष्ट फिनेलची. दिवाळीची साफसफाई म्हणून सारी फरशी उग्र फिनेलने पुसली, आणि त्या दिवशी मोत्या ओसरीच्या मध्यावर उभा राहून थरथरू लागला. त्याचा नकाशाच आम्ही पुसून टाकला होता. पुढे साध्या पाण्यावर भागले. घर त्याने काही कमी स्वच्छ झाले नाही.

“पण तो चावेल,” असे म्हणणारे असतात. बहिऱ्या किंवा आंधळ्या कुत्र्याला झोपेत अचानक हात लावला तर तो दचकून दात लावू शकतो, हे खरे आहे. लहान मुले असलेल्या घराने ही काळजी घेतलीच पाहिजे. उपाय मात्र फार साधा आहे: अंगाला हात लावण्याआधी हात नाकाजवळ धरावा, वासाने तो जागा होतो, मग खांद्याला, नेहमी एकाच जागी, हलकेच स्पर्श करावा. आमच्याकडची सहा वर्षांची मुलगी हे एका दिवसात शिकली. एरवी असे कुत्रे अधिक आक्रमक असतात ही समजूत टिकणारी नाही; २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, पाळणाऱ्यांच्या उत्तरांवर आधारलेल्या एका अभ्यासातही तसे आढळले नाही.

मरण कधीच देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. न आवरणारी वेदना असते, असाध्य गाठी असतात. तिथे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून निर्णय घ्यावा, आणि शेवटपर्यंत त्याच्या नाकाशी आपला हात असावा. मात्र डोळे गेले एवढ्याच कारणासाठी दिलेल्या सुईला आम्ही दया म्हणणार नाही. तिने सोय होते ती आपली.

कायद्याकडे पाहावे, तर १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास दंड किती? दहा ते पन्नास रुपये. हा आकडा तेव्हा ठरला आणि दशकानुदशके तसाच राहिला. चौकडीवरच्या टपरीत दोन माणसांचा नाश्ता तेवढ्यात होत नाही. अर्थात, दंड पाच हजार असता तर आपल्या मंडळींनी कुत्रा ठेवला असता, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. ती अधिक लांब नेऊन सोडती.

राहिला वाडा आणि फ्लॅट. हे संकट खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. वाडे पडत आहेत, भाऊ वाटण्या घेऊन विखुरत आहेत, आणि बारा वर्षे एका ओसरीचा नकाशा नाकात साठविलेल्या जनावराला सातवा मजला, लिफ्ट आणि गुळगुळीत फरशी म्हणजे परमुलूख. पण आपल्याच पूर्वजांनी परमुलूख कसा जिंकला, हे आपण अभिमानाने सांगतो ना? त्यांनीही देव्हारा, पाटा-वरवंटा आणि गोधड्या बरोबर आणल्या होत्या. कुत्र्यालाही तेवढेच लागते. त्याची न धुतलेली गोधडी आणि जुने घमेले आधी न्यावे. पहिले आठ-पंधरा दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे, मग दुसरी उघडावी. गुळगुळीत फरशीवर त्याच्या वाटेपुरत्या सतरंज्या अंथराव्यात, गॅलरीला जाळी लावावी, लिफ्टमध्ये साखळी आखूड धरावी. महिनाभराचे काम आहे. सुरतेच्या फ्लॅटमध्ये सोफा कुठे ठेवावा यावर आपण महिनाभर चर्चा करतोच.

चौकडीवरचा तो कुत्रा सध्या आमच्या ओसरीवर असतो. उजवा कान थोडा सुधारला, डोळा नाही. मागच्या महिन्यात ते सद्‌गृहस्थ काही कागदपत्रांसाठी गावात आले होते, आमच्याकडेही डोकावले. फाटकाशी उभे राहून म्हणाले, “ओळखणार नाही आता तो मला.” कुत्रा त्यांच्याकडे पाठ करून झोपला होता. वारा रस्त्याकडून होता. त्याने आधी नाक उचलले, मग उठला, झोपाळ्याला वळसा घालून फाटकापर्यंत गेला आणि त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून बसला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बसची वेळ झाली म्हणून गेले.

त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, आणि या अंकातून सांगतो कारण फोनवर ते विषय बदलतात: कुत्रा तुमचा आहे. केव्हाही न्या. गोधडी आणि घमेले आम्ही बांधून देऊ, आणि पहिले आठ दिवस सातव्या मजल्यावर त्याला वाट दाखविण्यास आमच्या घरचे कोणी तरी येऊन राहील. झोपाळा असेल तर तेवढी दोरी आधी बांधून ठेवा.